तोंडचे पाणी

तोंडी परीक्षा ही लेखी परीक्षेची थोरली बहीण. घराण्यातल्या थोरल्या बहिणीच्या वाट्याला जे येते, ते हिच्याही वाट्याला आले. आधी सगळा संसार हिनेच ओढला. मग धाकटी शिकून मोठी झाली, दिवाणखान्यात खुर्ची टाकून बसली आणि थोरली गेली मागच्या खोलीत. आता कॉलेजातल्या मुलांना वर्गापुढे उभे राहून ‘प्रेझेंटेशन’ द्यावे लागते, त्याला दहा-वीस मार्क असतात, तेव्हा घरातली वडीलधारी मंडळी म्हणतात, “हे काहीतरी नवीनच खूळ! आमच्या वेळी नव्हतं बुवा असलं काही.” तुमच्या वेळी नसेल. पण तुमच्या आधी दोन-अडीच हजार वर्षे तरी होते. मधे तुम्ही तेवढे सुटलात!

या विषयातली जुनी आणि नावाजलेली तोंडी परीक्षा बृहदारण्यक उपनिषदात आहे. जनक राजाने हजार गाई उभ्या केल्या, प्रत्येकीच्या शिंगांना सोने बांधले आणि सांगितले, तुमच्यात जो सर्वांत ज्ञानी असेल त्याने या घरी न्याव्यात. सगळे एकमेकांकडे बघत बसले. याज्ञवल्क्याने आपल्या शिष्याला हाक मारली आणि गाई घराकडे हाकायला सांगितले. म्हणजे परीक्षेच्या आधीच निकाल लावून बक्षीस रवाना! साहजिकच बाकीचे खवळले आणि एकामागून एक उठून प्रश्न विचारू लागले. त्यांत गार्गी होती. ती तर दोनदा उठली. शेवटी शाकल्य नावाच्या पंडिताचे मस्तक उत्तर न आल्यामुळे गळून पडले, आणि त्याची हाडे चोरांनी दुसरेच काही समजून पळवली, असे उपनिषदच सांगते. आमच्या शेजारची सायली परवा म्हणत होती, प्रेझेंटेशनच्या वेळी डोकं जागेवर राहत नाही. मी तिला म्हटलं, “बाई, परंपराच आहे तशी.”

पुढे सातव्या शतकात ह्युएन त्संग नावाचा चिनी यात्रेकरू नालंदेला आला. त्याने लिहून ठेवले आहे की तिथे प्रवेशद्वारावरच प्रश्न विचारीत, आणि दहांपैकी सात-आठ जण तिथूनच परत जात. आज प्रवेशासाठी खिडकीसमोर रांगा लागतात. तिथे खिडकीच्या जागी पंडित होता. मिथिलेकडे शलाका-परीक्षा असे, असे सांगतात. पोथीत सळई खुपसायची, तिचे टोक ज्या पानावर थांबेल ते पान विद्यार्थ्याने उलगडून सांगायचे. म्हणजे ‘हा भाग ऑप्शनला टाकला आहे’ म्हणायची सोय नाही. सळईला काय ठाऊक तुमचा ऑप्शन!

हे आपल्याकडेच होते असे मात्र नाही. युरोपातल्या जुन्या विद्यापीठांत पदवी मिळवायची तर वाद घालावा लागे, तोही लॅटिनमध्ये. केंब्रिजमध्ये एक विद्यार्थी आपली विधाने मांडी आणि दुसरे विद्यार्थी उठून ती खोडून काढू बघत. एक गृहस्थ तीन पायांच्या स्टुलावर बसून परीक्षार्थींची फिरकी घेई. त्या स्टुलावरून तिथल्या परीक्षेला ‘ट्रायपॉस’ हे नाव पडले, आणि गणितात पहिल्या वर्गात येणाऱ्यांना ‘रँग्लर’ म्हणू लागले. रँग्लर म्हणजे सरळ मराठीत भांडखोर. वाद घालण्यात पटाईत तो रँग्लर.

आता हा शब्द आपल्या पुण्याला चांगला परिचयाचा. फर्ग्युसन कॉलेजचे प्राचार्य रँग्लर परांजपे १८९९ साली सीनियर रँग्लर झाले. त्या जागी पोचलेले ते पहिले भारतीय. पण गंमत अशी, की तोवर केंब्रिजातली वादावादी केव्हाच बंद पडून सगळी परीक्षा कागदावर आली होती. म्हणजे मान खाली घालून, तोंडातून चकार शब्द न काढता, तासन् तास गणिते सोडवायची आणि पदवी मिळवायची कोणती, तर भांडखोर! त्याच परीक्षेत उत्तीर्णांमध्ये शेवटच्या येणाऱ्याला १९०९ पर्यंत एक लाकडी चमचा समारंभाने दिला जाई. आपल्याकडे शेवटच्या येणाऱ्याला वडील जे देत असत तेही लाकडीच असे, पण चमचा नसे.

मग हे सगळे तोंडावरून कागदावर का गेले? त्याचे कारण वाटते त्यापेक्षा चांगले आहे. अमेरिकेत बॉस्टन शहरात शाळा-समितीचे सभासद वर्षातून एकदा शाळेत येत आणि मुलांना उभे करून प्रश्न विचारीत. यात व्हायचे काय ते तुम्ही-आम्ही जाणतोच. एकाला प्रश्न पडे ‘दोन आणि दोन किती’, शेजारच्याला पडे व्याजाचा हिशोब. मास्तर लाडक्या मुलाकडे बघून नुसते ओठ हलवीत. आणि सभासदांना जेवायची घाई असली की अर्धा वर्ग न विचारताच हुशार ठरे. १८४५ साली होरेस मान या शिक्षणसुधारकाच्या प्रेरणेने तिथे छापील प्रश्नपत्रिका आली. प्रश्न सगळ्यांना तेच, वेळ तेवढीच आणि उत्तरे लेखी. निकाल इतका वाईट लागला की मास्तरमंडळी भयंकर संतापली. पण तत्त्व पक्के रुजले. कागदाला चेहरा नसतो, कागद अडखळत नाही, त्याचे कपडे कसे आहेत ते तपासणाऱ्याला दिसत नाही. लेखी परीक्षा आली ती न्यायासाठी, हे विसरून चालणार नाही.

आपल्याकडे १८५७ साली मुंबई विद्यापीठ निघाले ते लंडन विद्यापीठाच्या धर्तीवर, आणि परीक्षा घेणे हेच त्याचे तेव्हा मुख्य काम होते. तरीही बोलायची हौस लोकांना होतीच. एल्फिन्स्टनच्या मंडळींनी १८४८ साली ‘स्टुडंट्स लिटररी अँड सायंटिफिक सोसायटी’ काढली. तिथे विद्यार्थी निबंध वाचीत आणि त्यावर चर्चा होई. पण सगळी चर्चा इंग्रजीत झाली तर घरच्या माणसांपर्यंत काय पोचणार? म्हणून तिच्या मराठी आणि गुजराती शाखा निघाल्या, ज्ञानप्रसारक नावाच्या. मराठीत वैज्ञानिक विषयावर उभे राहून बोलायचे, हा त्या काळी केवढा खटाटोप असेल! शब्दसुद्धा तिथल्या तिथे घडवून घ्यायचे.

पुण्यात १८७५ साली न्यायमूर्ती रानड्यांच्या पुढाकाराने वसंत व्याख्यानमाला सुरू झाली. ती चालवणाऱ्या संस्थेचे नाव ‘वक्तृत्वोत्तेजक सभा’. माझे तर मत आहे, की हे नाव जो न अडखळता तीनदा म्हणेल त्याला भाषण न करताच पास करावे. पण नावातली गोष्ट लक्षात घेण्यासारखी आहे. वक्तृत्वाला उत्तेजन द्यावे लागते, ते आपोआप येत नाही, हे त्या काळच्या शहाण्या माणसांनी ओळखले होते. बोलणे ही जन्मजात देणगी समजून ते गप्प बसले असते, तर पुण्यात आज निदान थोडी शांतता असती.

आणि ज्याला बोलता येत नाही त्याचे काय? लंडनमध्ये १८८८ ते १८९१ या काळात बॅरिस्टरीचा एक हिंदी विद्यार्थी होता. शाकाहारी मंडळींच्या सभेत वाचायला त्याने फुलस्केपच्या एका पानावर भाषण लिहून नेले. वाचायला उभा राहिला आणि डोळ्यांपुढे अंधारी आली, अंग थरथरू लागले. शेवटी ते पान बरोबरच्या मजुमदारांनी वाचून दाखवले. परत येऊन मुंबईच्या स्मॉल कॉज कोर्टात पहिला खटला घेतला, फी तीस रुपये. साक्षीदाराला प्रश्न विचारायला उभे राहिले, तो प्रश्नच सुचेना. खाली बसले आणि खटला दुसऱ्या वकिलाकडे गेला, एक्कावन्न रुपयांना. या विद्यार्थ्याचे नाव मोहनदास करमचंद गांधी. हे सारे त्यांनीच आत्मकथेत सांगितले आहे. आणि वर म्हटले आहे की या भिडस्तपणाने आपले नुकसान झाले नाही, उलट शब्द जपून वापरायची सवय लागली. तीस रुपयांच्या खटल्यात नापास झालेल्या त्या आवाजाने पुढे काय केले, ते सांगायची गरज नाही. मात्र कोणी त्या दिवशी दहापैकी मार्क दिले असते, तर ते दोनच्या वर गेले नसते, हेही तितकेच खरे.

मी या विषयात का पडलो, असे कोणी विचारील. त्याचे असे आहे, आमच्या सोसायटीतली मुले प्रेझेंटेशनची रंगीत तालीम माझ्यासमोर करतात. मी रिकामा असतो आणि मला कमी ऐकू येते, असा त्यांचा समज आहे. पहिली गोष्ट खरी आहे, दुसरी नाही. त्यामुळे गेल्या काही वर्षांत मी भूजल, महागाई, शिवकालीन गडकोट, मधमाश्या आणि दोनदा फ्रेंच राज्यक्रांती ऐकली आहे. प्रेझेंटेशन पार पडल्यावर मुले पुन्हा येतात आणि काय झाले ते सांगतात. ते ऐकण्यासारखे असते.

बहुतेकांची तक्रार हातांबद्दल असते. एरवी दोन असणारे हात त्या दहा मिनिटांत चार होतात आणि एकालाही जागा सापडत नाही. दुसरी तक्रार मित्रांबद्दल. शत्रू समोर बसला तर चालतो, पण जिवलग मित्र पहिल्या बाकावर बसून गंभीर चेहऱ्याने मान डोलवू लागला की हसू आवरत नाही. तिसरी तक्रार पडद्यावरच्या मजकुराबद्दल. १९८७ साली पॉवरपॉइंट नावाची सोय निघाली, आणि वक्त्याने श्रोत्यांकडे पाठ करून भिंत वाचायची प्रथा सुरू झाली. वीज गेली की विषयही जातो. एकदा अशीच वीज गेली म्हणून एका मुलीला पडद्यावाचून बोलावे लागले, आणि आयुष्यात पहिल्यांदा वर्ग आपल्याकडे बघतोय असे तिला वाटले. वीजमंडळाचे शैक्षणिक कार्य आपण फारसे लक्षात घेत नाही.

पण हसण्यावारी नेता येणार नाही अशीही एक तक्रार असते. आमच्याकडे येणारा एक मुलगा मराठी शाळेतून आलेला. मधमाश्या त्याच्याच. तालमीत मराठीत बोलला तेव्हा पोळ्यातली प्रत्येक माशी मला ओळखीची वाटू लागली. वर्गात तेच इंग्रजीत बोलायचे होते. माश्या त्याच होत्या, पण त्यांना उडता येईना. त्याच्यानंतर ज्याने अस्खलित इंग्रजीत काहीच सांगितले नाही, त्याला जास्त मार्क मिळाले. मार्क विषयाला होते, भाषेला होते की आत्मविश्वासाला, हे त्याने मला विचारले. मला उत्तर नव्हते. कागदाला चेहरा नसतो म्हणून ज्यांनी १८४५ साली कागद आणला, त्यांच्यापुढे नेमका हाच प्रश्न होता.

उलट्या बाजूचाही अनुभव आपल्या राज्याने घेतला आहे. दहावीला भाषाविषयांना शाळेच्या हातातले, तोंडी परीक्षेचे वीस मार्क असत. शाळा ते सढळ हाताने वाटतात, बोलणाऱ्याला वीस आणि न बोलणाऱ्यालाही वीस, असा आक्षेप होता, आणि तो अगदीच खोटा नव्हता. म्हणून ते काढले. २०१८ साली ८९.४१ टक्के लागलेला दहावीचा निकाल २०१९ साली ७७.१० टक्क्यांवर आला, एकच ओरड झाली, आणि त्याच वर्षी ते वीस मार्क परत देण्याचे ठरले. थोरल्या बहिणीला घराबाहेर काढल्यावर घर चालेना, तेव्हा तिला सन्मानाने परत आणले. मात्र तिला खरोखर बोलू द्यायचे की नुसती सही करून वीस लिहायचे, हे घरोघरच्या संस्कारावर राहिले.

आता तर तिचे दिवस पुन्हा फिरणार अशी चिन्हे आहेत. २०२२ च्या नोव्हेंबरपासून सांगाल त्या विषयावर निबंध लिहून देणारी यंत्रे जो तो वापरू लागला. कागदाला चेहरा नव्हता हे ठीक होते, आता त्याला हातही राहिला नाही. तेव्हा अनेक प्राध्यापक म्हणू लागले, लिहिलंस ते छान, आता उभा राहून सांग बघू. पोथी, सळई आणि विद्यार्थी, आपण परत तिथेच आलो.

माझे म्हणणे एवढेच, की परत येताना १८४५ साल बरोबर आणावे. विषयाचे मार्क आणि बोलण्याचे मार्क वेगळे मांडावेत. ज्याला ज्या भाषेत विचार करता येतो त्या भाषेत त्याला निदान उत्तरे तरी देऊ द्यावीत. पहिल्यांदा उभे राहणाऱ्याला एकदा बिनमार्कांचे बोलू द्यावे, कारण पोहणे शिकवताना पहिल्याच उडीला कोणी पदक लावीत नाही आणि बुडाला म्हणून नापासही करीत नाही.

आणि जनकाच्या सभेतला एक नियम फारसा कोणाच्या ध्यानात राहिलेला नाही, तोही आणता आला तर पाहावा. सगळ्यांचे प्रश्न संपल्यावर याज्ञवल्क्याने सभेला विचारले की आणखी कोणाला मला काही विचारायचे आहे काय, की आता मीच तुम्हाला विचारू? सभेत कोणाचीही हिंमत झाली नाही. दहा मिनिटांचे प्रेझेंटेशन झाल्यावर एक मिनिट मुलांनी मास्तरांना प्रश्न विचारायचे ठरले, तर टेबलावरचा तो पाण्याचा ग्लास नेमका कोणासाठी ठेवलेला असतो, ते सगळ्यांना कळेल.