रिठ्याचे पाणी, गुलाबजल आणि मिसेलर वॉटर

खंडाळा, शिरवळ, वाई या साताऱ्याकडील बाजारगावांत काष्ठौषधींच्या दुकानातून रिठा, शिकेकाई, आवळकाठी, नागरमोथा ही नावे अजून ऐकू येतात. औषधाच्या दुकानात मात्र 'मिसेलर वॉटर'ची पारदर्शक बाटली असते. दोन्हींची तुलना निघाली की एक विधान हमखास येते : 'हे तर आपल्याकडे पूर्वीपासूनच होते.' विधान अर्धे खरे आहे. त्यातले कोणते अर्धे, हे घटकद्रव्ये पाहिल्यावाचून कळत नाही.

प्रथम सुश्रुतसंहिता. चिकित्सास्थानाच्या २४ व्या अध्यायात दिनचर्येच्या ओघात मुख आणि नेत्र धुण्याची पाणी सांगितली आहेत : चीक असणाऱ्या वृक्षांच्या (वड, उंबर, पिंपळ इत्यादी) सालींचा काढा दूध मिसळून, लोध्राचा काढा, आवळ्याचा काढा, नाहीतर साधे थंड पाणी. फलश्रुतीत वांग, पुटकुळ्या आणि तोंडाची कोरड जाते, असे म्हटले आहे. या यादीत फेस आणणारे एकही द्रव्य नाही. साली आणि आवळा यांतील तुरट टॅनिन त्वचा आक्रसून धरते. तेल विरघळवत नाही. आजच्या भाषेत हे 'टोनर' झाले, 'क्लेन्झर' नव्हे.

तेल काढणारे द्रव्य म्हणजे रिठा. त्याच्या सालीत सॅपोनिन असते. सॅपोनिनच्या रेणूचे एक अंग पाण्याकडे ओढ घेते, दुसरे तेलाकडे. पाण्यात पुरेसे रेणू जमले की ते गोलाकार पुंजके करतात आणि तेलकट मळ त्या पुंजक्यांच्या पोटात अडकतो. हाच 'मिसेल'. साबणाच्या द्रावणातील अशा पुंजक्यांची कल्पना जेम्स मॅकबेन या रसायनशास्त्रज्ञाने १९१३ मध्ये मांडली. त्याच्या कितीतरी आधी, १७५३ मध्ये, लिनियसने रिठ्याच्या प्रजातीला 'सॅपिंडस' म्हणजे 'भारतीय साबण' असे नाव दिले होते. तेव्हा रिठ्याच्या पाण्यात मिसेल असतात, एवढा भाग निःसंशय खरा.

मग ते तोंडाला का लावत नसत? उत्तर सोपे आहे : रिठा डोळ्यांत गेला की आग होते. म्हणून तो केसांसाठी, रेशमी व लोकरी वस्त्रांसाठी, सोन्याचे दागिने उजळण्यासाठी. तोंडाला डाळीचे पीठ, साय, हळद. पीठ तेल शोषून घेते आणि पाण्याबरोबर निघून जाते.

राजघराण्यातील रीत याहून फार वेगळी नव्हती. कल्याणीचा चालुक्य राजा सोमेश्वर तिसरा याने १२ व्या शतकात 'मानसोल्लास' हा ग्रंथ रचला. (याच्याच वडिलांचा, सहाव्या विक्रमादित्याचा, कऱ्हाडच्या शिलाहार राजकन्येशी झालेला विवाह बिल्हणाने काव्यात वर्णिला आहे, म्हणजे साताऱ्याचा प्रदेश या दरबाराला परका नव्हता.) त्यातील स्नानवर्णनात सुगंधी तेलाचे मर्दन आहे, तेल काढण्यासाठी सुवासिक चूर्णे आहेत आणि केसांसाठी आवळा आहे. फरक सुगंधाच्या खर्चाचा, तत्त्व पिठाचेच.

गुलाबजलाची गोष्ट निराळी. 'गुलाब' या शब्दाचाच मूळ फारसी अर्थ 'फुलाचे पाणी'. ते ऊर्ध्वपातनाने काढतात. त्यात सुगंधी तेलाचा अंश असतो, मळ पकडणारे काही नसते. जहांगीर आपल्या आत्मचरित्रात गुलाबाच्या अत्तराचा शोध नूरजहानच्या आईच्या नावे नोंदवतो : गरम गुलाबजलावर तरंगलेला तवंग तिने गोळा केला. मराठी दरबारांत अत्तरगुलाब आला तो मानपानासाठी, सफाईसाठी नव्हे.

आता ती बाटली. मिसेलर वॉटर १९९० च्या दशकात फ्रान्समध्ये नावारूपाला आले. लेबलावर पहिले नाव पाण्याचे. नंतर मिसेल करणारे एखादे सौम्य द्रव्य : कुठे कॅप्रिलिक-कॅप्रिक ग्लिसराइड्स, कुठे पोलोक्झामर. मग ओलावा धरणारे ग्लिसरीन किंवा ग्लायकॉल आणि शेवटी परिरक्षक. यातील काकडीचा अर्क वगैरे बहुधा लेबलाची शोभा. खरे काम दुसऱ्या नावाचे : मळ पकडायचा, पण डोळ्यांना झोंबायचे नाही. रिठ्याला हेच साधले नव्हते.

आणि परिरक्षकही दुर्लक्षू नये. सुश्रुताचा काढा दुसऱ्या दिवशी आंबतो. तो रोज ताजा करावा लागे, म्हणजे घरात कुणाला तरी पहाटे चूल पेटवावी लागे. वाळलेला रिठा मात्र डब्यात वर्षभर राहतो. गरिबाच्या घरी तोच टिकला.