पट्टा, बटण व कुलूप : बेस गिटारच्या इतिहासांतील एक लहानसें प्रकरण

वाद्यांचा इतिहास लिहितांना लेखकांचें लक्ष बहुधा दोन व्यक्तींकडे जातें : वाद्य घडविणारा कारागीर, व तें वाजवून कीर्ति मिळविणारा कलावंत. ह्या दोघांच्या मध्यें आणखी एक गोष्ट असते. वाद्य व वादकाचें शरीर ह्यांना जोडणारा दुवा, ही ती गोष्ट होय. हा दुवा नीट काम करीत असेल तोंवर तो कोणाच्या नजरेस पडत नाहीं, आणि नजरेस पडत नाहीं म्हणून त्याचा इतिहासही कोणी लिहीत नाहीं. प्रस्तुत लेखांत आम्ही अशाच एका उपेक्षित दुव्याचा विचार करणार आहों. बेस गिटार खांद्यावर अडकविण्याचा पट्टा, व तो पट्टा वाद्यापासून निसटूं नये म्हणून त्यास लावावयाचें कुलूप, ज्यास वादक 'स्ट्रॅप-लॉक' म्हणतात, हा आमचा विषय आहे.

विषय क्षुल्लक आहे असें कोणी म्हणेल. परंतु ज्या घरांतील मुलानें वा मुलीनें वर्षभर पैसे सांठवून घेतलेली बेस गिटार ऐन कार्यक्रमांत खांद्यावरून सुटून फरशीवर आदळली असेल, त्या घरास तो तसा वाटणार नाहीं.

पाश्चात्य वाद्यमेळांत खर्जाचा भार शतकानुशतकें डबल बेस ह्या वाद्यानें उचलला. हें वाद्य सुमारें सहा फूट उंच असतें. त्याच्या तळाची दांडी जमिनीवर टेंकवून वादक शेजारीं उभा राहतो, अथवा उंच बैठकीवर बसतो. म्हणजे वाद्याचें ओझें जमीन वाहते. वादकानें तें फक्त सांवरावयाचें. ह्या व्यवस्थेंत पट्ट्याला वा कुलपाला जागाच नव्हती. अडचणी होत्या त्या निराळ्या. एवढें धूड घेऊन गांवोगांव फिरणें हें एक दिव्यच होतें. आणि ढोल, कर्णे व विजेवर चालणाऱ्या गिटारी ह्यांच्या कल्लोळांत त्याचा गंभीर पण मृदु स्वर बुडून जाई.

गिटार हें त्या मानानें लहान वाद्य. तें मुख्यतः बसून, मांडीवर घेऊन वाजविण्याचें. ज्यांना उभें राहून वाजवावयाचें असे ते पट्टा वापरीत. ह्या पट्ट्याचें एक टोंक गिटारच्या तळाशीं असलेल्या खुंटीस अडकवीत, व दुसरें टोंक दोरीनें वाद्याच्या डोक्यापाशीं बांधीत. दुसऱ्या टोंकास खुंटी न ठोकतां दोरी बांधण्याचें कारण असें कीं, गिटारचें धड पोकळ. त्याच्या पातळ फळ्यांत स्क्रूनें धरावें असें लांकूड थोडेंच. म्हणून गांठ मारणें हाच सोपा मार्ग होता. आपल्याकडे वारीच्या दिंडींत मृदंग वाजविणारा वारकरी मृदंग गळ्यांत बांधून घेतो आणि पावलीवर नाचतो, तोही गांठीच्याच भरंवशावर. गांठ हें जगांतील सर्वांत जुनें कुलूप होय. तें आपोआप सुटत नाहीं. त्याचा दोष एवढाच कीं, सोडावयाचें म्हटलें तरी तें लवकर सुटत नाहीं.

विजेच्या साहाय्यानें आवाज मोठा करण्याची युक्ति निघाली, तेव्हां वाद्याचें धड पोकळ असण्याची गरज उरली नाहीं. १९३२ च्या सुमारास अमेरिकेंत बाजारांत आलेली रिकनबॅकर कंपनीची विजेची गिटार मांडीवर आडवी ठेवून वाजवावयाची होती; तिला पट्ट्याचें प्रयोजन नव्हतें. त्याच दशकांत सिॲटल येथील पॉल टटमार्क ह्यांनीं 'ऑडिओव्हॉक्स ७३६' नांवाचें भरीव लांकडाचें, पडदे असलेलें व गिटारसारखें आडवें धरावयाचें खर्जवाद्य केलें. कल्पना काळाच्या पुढें होती. म्हणूनच कीं काय, त्या वाद्याचे नग फार थोडे खपले व तें विस्मृतींत गेलें.

ह्या कल्पनेस जगांत स्थान मिळवून दिलें तें लिओ फेंडर ह्यांनीं. फेंडर (१९०९–१९९१) हे कॅलिफोर्नियांतील फुलर्टनचे. मूळचा धंदा रेडिओ-दुरुस्तीचा. स्वतः ते गिटार वाजवीत नसत, परंतु वादकांच्या तक्रारी कान देऊन ऐकत. १९५१ सालीं त्यांनीं 'प्रिसिजन बेस' बाजारांत आणली. तारेची कंप पावणारी लांबी ३४ इंच, धड भरीव, आणि पडदे असल्यामुळें स्वर नेमका लागणारा. म्हणूनच 'प्रिसिजन' हें नांव. लायोनेल हॅम्प्टन ह्यांच्या वाद्यवृंदांतील मंक माँटगोमरी ह्यांच्यासारख्या वादकांनीं तिचा आरंभींच स्वीकार केला. जमिनीवर उभें राहणारें खर्जवाद्य आतां खांद्यावर आलें. वादक मोकळा झाला. तो चालूं लागला, वळूं लागला, गायकाच्या शेजारीं जाऊन उभा राहूं लागला.

पण जें ओझें जमीन वाहत होती तें कोणी तरी वाहणें प्राप्त होतें. तें आतां वादकाच्या खांद्यावर आलें, आणि खांदा व वाद्य ह्यांच्यामध्यें उरलीं केवळ दोन बटणें. बेस गिटारचें वजन साधारणतः चार किलो भरतें. कांहींचें त्याहूनही अधिक. हा सर्व भार धातूच्या दोन बोंडांवर व त्यांच्या पोटांतून लांकडांत गेलेल्या दोन स्क्रूंवर पडतो. बेस गिटारच्या स्वातंत्र्याचा हा खरा पाया.

फेंडर ह्यांना ह्या भाराची जाणीव होती असें त्यांच्या वाद्याच्या आकारावरून दिसतें. प्रिसिजन बेसच्या धडास दोन शिंगें असून वरचें शिंग बरेंच पुढें आलेलें आहे. लांब मान आणि तिच्या टोंकाशीं चार जड खुंट्या, ह्यांमुळें वाद्य डोक्याकडे कलंडूं पाहतें. कावड खांद्यावर घेणारा मनुष्य ज्या बाजूस ओझें जास्त त्या बाजूकडे खांदा सरकवितो. त्याच न्यायानें फेंडर ह्यांनीं पट्ट्याचें बटण वरच्या शिंगाच्या टोंकावर नेलें, व तोल साधला. आज जें शिंग केवळ शोभेचें वाटतें तें मूळांत गुरुत्वमध्याच्या हिशेबांतून निघालें आहे. इतरांना हें इतक्या सहज साधलें नाहीं. गिब्सन कंपनीनें १९५३ सालीं काढलेल्या व्हायोलिनच्या आकाराच्या बेसबरोबर एक लांबविण्याजोगी दांडी दिली होती. हेतु हा कीं, वादकाची इच्छा असल्यास त्यानें तें वाद्य जुन्या रीतीनें जमिनीवर उभें करून वाजवावें. जमिनीचा आधार सोडण्यास मन कसें कचरतें ह्याचें हें बोलकें उदाहरण आहे. त्याच कंपनीची १९६१ नंतरची 'ईबी-३', जी 'क्रीम' ह्या त्रयींतील जॅक ब्रूस ह्यांनीं गाजविली, तिचीं शिंगें आंखूड. बटण मानेच्या मुळाशीं, पाठीमागें. हात सोडला कीं मान खालीं झुकणार, ही तिच्याविषयींची तक्रार वादकांत सर्वश्रुत आहे. १९८० च्या सुमारास नेड स्टाइनबर्गर ह्यांनीं तर डोकेंच काढून टाकलें, व धडाच्या पाठीमागें फिरती पट्टी बसवून तिला पट्टा जोडला. तोलाच्या प्रश्नास दिलेलें इतकें सडेतोड उत्तर दुसरें क्वचितच सांपडेल.

तोलाचा प्रश्न असा निरनिराळ्या मार्गांनीं सुटला; पकडीचा मात्र तसाच राहिला. चामड्याच्या पट्ट्यास एक भोंक व त्यास लागून एक चीर. ती बटणावर ताणून चढवावयाची, एवढीच मूळची योजना. गांठीच्या मानानें ती फार सोयीची. परंतु जें सहज चढतें तें सहज उतरतें. नव्या चामड्याची पकड घट्ट असते. काढघाल होतां होतां भोंक सैल होतें, चीर पसरते, आणि वादक जरा वांकला कीं पट्टा ढिला पडून बटणावरून घसरतो. आपोआप न सुटण्याचा गांठीचा गुण, व हवें तेव्हां सुटण्याचा बटणाचा गुण, हे दोन्ही एकत्र कसे आणावे, ह्या प्रश्नांतून कुलपाचा जन्म झाला.

पहिला तोडगा वादकांनींच काढला, आणि तो मोठा गमतीचा आहे. बाटलीच्या तोंडावर तारेच्या कमानीनें दाबून बसविण्याच्या बुचाचें पेटंट अमेरिकेंत १८७५ सालीं घेतलें गेलें. ह्या बुचास रबराचें जाड वॉशर असतें. ग्रोल्श नांवाच्या डच बिअरची बाटली ह्याच जातीची. पट्टा बटणावर चढवून वरून तें वॉशर बसविलें कीं पट्ट्यास बाहेर येण्यास वाव राहत नाहीं, असें कोणा चतुर वादकाच्या ध्यानांत आलें, व ही युक्ति सर्वत्र पसरली. पुढें फेंडर कंपनीनेंही तशींच रबरी चकत्यांची जोडी विकण्यास काढली. खर्च नगण्य, वाद्यास इजा नाहीं, आणि हलक्या वाद्यास पुरेशी. मात्र रबर कालांतरानें तडकतें, ह्याची आठवण ठेवावी लागते.

दुसरा प्रकार जर्मनीचा. १९४५ सालीं हेल्मुट शालर ह्यांनीं स्थापन केलेल्या कंपनीचें हें कुलूप फार प्रसिद्ध आहे. पट्ट्यास नटानें आंवळलेला घोड्याच्या नालासारखा एक तुकडा वाद्यावरील खास बटणास कवेंत घेतो, व स्प्रिंगवरील एक खिळी बटणाच्या पोटांत शिरून त्यास जखडते. नालाचें उघडें तोंड वरच्या बाजूस राहील असें तें लावलें म्हणजे खिळीनें दगा दिला तरी पट्टा ओढलेला असेपर्यंत वाद्य नालाच्या बंद बाजूवर टांगलेलें राहतें. ह्या रचनेचा कच्चा भाग म्हणजे पट्ट्यावरील नट. वाद्याच्या कंपानें तो हळूहळू सैल होतो, आणि एके दिवशीं कुलूप बटणावर शाबूत, पण पट्टा मोकळा, असा प्रकार घडतो. कंपनीच्या नव्या आवृत्तींत हा नट एका बारीक स्क्रूनें जागच्या जागीं अडकविण्याची सोय केलेली आहे, ती ह्याच अनुभवामुळें.

तिसरा प्रकार अमेरिकेंतील डनलॉप कंपनीचा. ह्यांत बटणाच्या मधोमध भोंक असतें. पट्ट्यावरील दांडी त्यांत गेली कीं तिच्या अंगांतील बारीक छरे बाहेर येऊन आंतल्या खांचेंत बसतात. दांडीच्या टोंकाची कळ दाबली कीं छरे आंत जातात व पट्टा सुटतो. ह्याच्या एका जातींत कुलूप घरीं राहिलें तरी त्याच बटणावर साधा पट्टा चढवितां येतो. दुसऱ्या जातींत बटण धडाच्या पृष्ठाशीं समतल बसतें. दिसण्यांत सुबक, पण त्यासाठीं लांकडांत गिरमिटानें मोठें भोंक पाडावें लागतें, व एकदां पाडलेलें भोंक बुजवणें सोपें नसतें.

ह्यांपैकीं कोणतें घ्यावें? ह्या प्रश्नास दुकानदार नांवें सांगून उत्तर देतो. आमच्या मतें इतिहासानें दिलेलें उत्तर अधिक उपयोगी आहे. खांदा व वाद्य ह्यांच्यामध्यें सांधे तीन : पट्टा व कुलूप ह्यांचा, कुलूप व बटण ह्यांचा, आणि बटण व लांकूड ह्यांचा. कुलूप विकणारा दुसऱ्या सांध्याची हमी देतो. पहिला चामड्याच्या जाडीवर व नटावर अवलंबून असतो. फार जाड पट्ट्यांत नटास पुरेसे आटेच मिळत नाहींत. तिसरा तर सर्वांत दुर्लक्षित. शिंगावरचा व तळाचा असे दोन्ही स्क्रू बहुधा लांकडाच्या रेषांच्या दिशेनेंच आंत शिरतात, आणि रेषांना आडव्या गेलेल्या स्क्रूइतकी पकड त्यांना मिळत नाहीं. स्क्रू एकदां गरगरूं लागला कीं उत्तमोत्तम कुलूपही व्यर्थ. तें पट्ट्यास घट्ट धरून वाद्यासकट नव्हे, तर उपटलेल्या स्क्रूसकट हातांत येईल. अशा वेळीं भोंकांत सरस लावून लांकडाची बारीक काडी बसवावी, तें वाळूं द्यावें, व मगच स्क्रू पुन्हा पिळावा.

हें ध्यानांत घेतलें म्हणजे निवड कठीण नाहीं. होफ्नरच्या व्हायोलिन-आकाराच्या बेससारखें पोकळ व हलकें वाद्य असेल, आणि वादक एका जागीं उभा राहणारा असेल, तर रबरी चकत्या पुरे. चार किलोंवरील भरीव वाद्य घेऊन रंगमंचावर वावरणारानें धातूचें कुलूप घ्यावें. ज्याच्यापाशीं वाद्यें अनेक व पट्टा एक, त्यानें सर्व वाद्यांवर एकाच कंपनीचीं बटणें बसवावीं, कारण एकाचें कुलूप दुसऱ्याच्या बटणास नीट लागत नाहीं. जुन्या व मोलाच्या वाद्यास गिरमीट लावूं नये. आणि कुलूप कोणतेंही असो, वाद्य खांद्यावर घेतल्यावर, हात मानेखालींच ठेवून, दोन्ही टोंकांस एकेक हिसका देऊन पाहावा. ह्या सवयीस कांहीं मोल पडत नाहीं.

सत्तर वर्षांहून अधिक काळ हें वाद्य खांद्यावर आहे. आपल्याकडे राहुल देव बर्मन ह्यांच्या १९७० नंतरच्या चित्रपटगीतांतून त्याचा खर्ज घराघरांत पोंचला. तो कोणत्या वाद्याचा हें ऐकणारांपैकीं फार थोड्यांस ठाऊक असेल. खर्जाचें नशीबच असें आहे : तो आहे तोंवर कोणी त्याची दखल घेत नाहीं, तो थांबला कीं सर्व गाणें पोरकें होतें. त्या खर्जास उचलून धरणाऱ्या बटणाचें व कुलपाचें नशीबही त्याहून निराळें नाहीं. जमिनीचा आधार सोडून मोकळें होतां येतें, परंतु आधारावांचून मोकळें राहतां येत नाहीं; तो आधार कोठें तरी, दोन स्क्रूंच्या रूपानें कां होईना, ठेवावाच लागतो, आणि अधूनमधून तपासावाही लागतो.