स्वच्छ फ्लॉपीपासून क्यूब्सपर्यंत

बंद पडलेला संगणक उघडणाऱ्या कारागिराला आधी उभे राहायला खात्रीची जागा लागते. बिघडलेल्या यंत्राचीच साक्ष काढली, तर ते खोटेही बोलू शकते. हे पहिल्यांदा लख्ख दिसले ते 1986 मध्ये लाहोरमध्ये तयार झालेल्या ‘ब्रेन’ या विषाणूमुळे. संगणक सुरू होताच फ्लॉपीचा पहिला कप्पा, म्हणजे बूट सेक्टर, वाचतो आणि तिथे लिहिले असेल ते निमूटपणे करतो. ब्रेन नेमका तिथे बसे. एकदा मेमरीत शिरला, की तपासणाऱ्याला तो मूळचा शुद्ध कप्पा काढून दाखवी. म्हणून उपाय यंत्राच्या बाहेरून करावा लागे. वीज पूर्ण बंद करायची आणि खाचेवर चिकटपट्टी लावून लिहिण्यास बंद केलेल्या स्वच्छ फ्लॉपीवरून संगणक पुन्हा सुरू करायचा.

महाराष्ट्रात या कारागिरीचा धंदा झाला तो पुण्यात. सातारा जिल्ह्यातल्या रहिमतपूरचे कैलाश काटकर तिथे कॅल्क्युलेटर दुरुस्त करत, पुढे संगणकही करू लागले. दुरुस्तीला येणारी यंत्रे पुन्हापुन्हा विषाणूंनी बाधित निघत. संगणकाचे शिक्षण घेणारे त्यांचे धाकटे बंधू संजय यांनी ते काढणाऱ्या आज्ञावली लिहिल्या आणि 1995 मध्ये ‘क्विक हील’ बाजारात आले. सहा मार्चला डिस्कवरची माहिती पुसणारा ‘मायकेलअँजेलो’ याच काळातला, आणि तोही बूट सेक्टरमध्येच राहणारा. दुरुस्तीच्या टेबलावरून जन्मलेली ही कंपनी मराठी उद्योगाच्या इतिहासात आहे त्याहून मोठ्या जागेची हक्कदार आहे.

सप्तशृंग गडाजवळ, दिंडोरी तालुक्याच्या द्राक्षपट्ट्यात वसलेल्या वणीसारख्या गावांत संगणक घरोघरच्या बोलण्यात आला तो पुढे, 2001 मध्ये स्थापन झालेल्या एमकेसीएलच्या ‘एमएस-सीआयटी’ या संगणक साक्षरतेच्या वर्गांमुळे. त्यामागोमाग ग्रामीण महाराष्ट्रात भारनियमनाची वर्षे आली. डिस्कवर लेखन चालू असताना वीज गेली, की फाइलींची मांडणी विस्कटे आणि काळ्या पडद्यावर ‘एनटीएलडीआर इज मिसिंग’, म्हणजे विंडोज सुरू करणारी फाइल सापडत नाही, असे उमटे. रॅमच्या पट्ट्या खोडरबराने घासून बसवणे, सीमॉसचा सेल बदलणे आणि शेवटी ‘फॉरमॅट मारणे’ हा दुरुस्तीचा ठरलेला क्रम. फॉरमॅट मारल्यावर यंत्र सुरू होई, पण लग्नपत्रिकांचे नमुने, फोटो, हिशेब सगळे जाई. एकाच खोलीत सारा संसार असल्यावर खोली धुवायची म्हणजे संसार बाहेर काढणे आलेच.

खोल्या पाडण्याची कल्पना मात्र फार जुनी. 1960च्या दशकात आयबीएमने एका मोठ्या यंत्रावर अनेक आभासी यंत्रे चालवून दाखवली होती. केंब्रिज विद्यापीठातल्या संशोधकांनी 2003 मध्ये साध्या संगणकावरही तसे करणारे ‘झेन’ मांडले. 2006 मध्ये पोलंडच्या जोआना रुत्कोव्स्का यांनी ‘ब्लू पिल’ दाखवून सिद्ध केले, की घुसखोर चालू प्रणालीच्या खाली आभासीकरणाचा थर सरकवून स्वतः तिथे लपू शकतो. ब्रेनने बूट सेक्टरमध्ये जे केले, तेच हे एक मजला खाली. तोच थर पहारेकरी म्हणून वापरायचा, या विचारातून त्यांच्या इन्व्हिजिबल थिंग्ज लॅबने 2010 मध्ये ‘क्यूब्स’ ही प्रणाली जाहीर केली. तिची 1.0 आवृत्ती 2012 मध्ये आली.

क्यूब्सची रचना चौकाच्या वाड्यासारखी आहे; त्यातली प्रत्येक खोली म्हणजे एक आभासी यंत्र. पडदा, कळफलक आणि बाकी खोल्यांचा कारभार सांभाळणारे माजघर म्हणजे ‘डॉम-झिरो’. त्याला नेट मुद्दामच दिलेले नाही. नेटवर्क कार्ड ‘सिस-नेट’ या देवडीवरच्या खोलीच्या ताब्यात, तिच्या आत ‘सिस-फायरवॉल’ आणि त्याच्या आडोशाला रोजच्या कामाच्या खोल्या. स्वच्छ फ्लॉपीचे काम आता माजघर करते, आणि त्यासाठी वीज बंद करावी लागत नाही.

त्यामुळे ‘नेट चालत नाही’ या तक्रारीचा माग बाहेरून आत काढता येतो. सिस-नेटमधून अंकी पत्त्याला पिंग केल्यावर उत्तर आले, तर तार आणि कार्ड शाबूत. कामाच्या खोलीतून अंकी पत्ता लागतो पण नावाने साइट उघडत नाही, तर दोष नावावरून अंकी पत्ता शोधणाऱ्या डीएनएसचा. लॅपटॉप झोपवून उठवल्यावर वायफाय मुके झाले, तर कार्डाचा चालक, म्हणजे ड्रायव्हर, काढून पुन्हा चढवतात किंवा एकटे सिस-नेट बंद करून सुरू करतात. बाकीच्या खोल्यांतले लेखन त्याने हलत नाही. काही कार्डांना खोलीकडे सोपवताना स्वतःला नीट रीसेट करता येत नाही. त्यांच्यासाठी रीसेटची सक्ती सैल करण्याची सोय आहे, पण तेवढी तटबंदी कमी होते. उपकरण एखाद्या खोलीच्या ताब्यात देण्यासाठी लागणारी व्हीटी-डी ही सोय बायोसमध्ये बंद असेल, तर सिस-नेट सुरूच होत नाही. बायोस अद्ययावत केल्यावर ही सोय कधी आपोआप बंद होते, म्हणून जाणकार आधी तिथे पाहतात.

बूटचा माग खालून वर निघतो : ग्रब ही सुरुवातीची यादी, मग झेन, मग डॉम-झिरोचा कर्नल, मग डिस्कचा पासवर्ड, शेवटी आपोआप सुरू होणाऱ्या खोल्या. पडदा कोणत्या पायरीवर थिजला, यावरून दोषाचा मजला कळतो. पासवर्ड स्वीकारल्यानंतर यंत्र गोठत असेल, तर संशय बहुधा एखाद्या खोलीला सोपवलेल्या उपकरणावर जातो. अशा वेळी ग्रबच्या यादीत कर्नलच्या ओळीला ‘क्यूब्स डॉट स्किप अंडरस्कोर ऑटोस्टार्ट’ ही खूण रोमन लिपीत जोडतात. मग एकही खोली आपोआप उघडत नाही. रिकाम्या माजघरात बसून सिस-नेटकडचे उपकरण काढून घेता येते आणि एकेक दार हाताने उघडून बिघाड कोणत्या खोलीत आहे ते पाहता येते.