शेर, तोळा आणि कायदा : दशमान मापांच्या स्वीकारातील शब्दार्थाचा प्रश्न

भारतीय व्यापारातील वजने व मापे ब्रिटिश आणि देशी पद्धतींतून दशमान पद्धतीत आणणाऱ्या कायद्यांचा इतिहास बहुधा प्रमाणांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. तो शब्दांचाही इतिहास आहे, ही गोष्ट दुर्लक्षित राहिली आहे. कायद्याला तराजूतील वजन जप्त करता येते. बोलणाऱ्याच्या तोंडातील शब्द जप्त करता येत नाही. या भेदाचे परिणाम मराठी प्रदेशात अद्याप दिसतात, आणि ते केवळ कोशकारांच्या कुतूहलाचे नाहीत.

किलोग्रॅम हिंदुस्थानच्या कायद्यात प्रथम आला तो शेराच्या वेषात. १८७१ च्या वजने व धारणमापे अधिनियमाने 'शेर' हे मूळ प्रमाण ठरविले आणि त्याचे वजन फ्रेंच किलोग्रॅमइतके असावे असे सांगितले. जुना शब्द कायम ठेवून आतील वस्तू बदलावी, म्हणजे प्रजेला बदल जाणवणार नाही, असा यामागील विचार दिसतो. हा अधिनियम अंमलात आलाच नाही. १८८९ च्या कायद्याने लांबीसाठी इंग्रजी यार्ड, म्हणजे आपला वार, प्रमाण मानला. तर १९३९ च्या अधिनियमाने तोळा १८० ग्रेनचा, शेर ८० तोळ्यांचा व मण ४० शेरांचा ठरवून त्यांच्या शेजारी ७००० ग्रेनचा पौंडही बसविला. शेर या एकाच शब्दाला सत्तर वर्षांच्या आत दोन वैधानिक अर्थ मिळाले होते, आणि बाजारातील अर्थ या दोहोंहून निराळे होते. मुंबईचा जुना मण केवळ २८ पौंडांचा होता. १९३९ च्या अधिनियमाचा मण ८२ पौंडांहून अधिक भरतो. शिवाय वजनी शेर निराळा व मापी शेर निराळा. चिपटे, मापटे, अधोली, पायली ही धान्याची मापे धारणेची होती. ज्वारीची पायली आणि तांदळाची पायली वजनाला सारखी उतरत नसे, आणि माप शीग लावून भरावयाचे की सपाट, हा तंट्याचा विषय असे.

१९५६ च्या प्रमाण वजने व मापे अधिनियमाने नेमका उलट मार्ग धरला. वस्तू बदलली आणि शब्दही बदलला. किलोग्रॅम, मीटर, लिटर ही आंतरराष्ट्रीय नावे जशीच्या तशी घेतली गेली. संविधानाच्या सातव्या अनुसूचीनुसार प्रमाणे ठरविणे हे केंद्राचे काम होते, तर त्यांची अंमलबजावणी हा त्या वेळी राज्यांचा विषय होता (१९७६ च्या बेचाळिसाव्या घटनादुरुस्तीने तो समवर्ती सूचीत गेला). म्हणून मुंबई राज्याला १९५८ मध्ये स्वतंत्र अंमलबजावणी अधिनियम करावा लागला. १ ऑक्टोबर १९५८ पासून निवडक क्षेत्रांत व उद्योगांत आरंभ झाला, काही काळ जुनी व नवी वजने शेजारी शेजारी चालली, आणि १ एप्रिल १९६२ पासून देशभर दशमान वजनेच वैध राहिली. एवढ्या मोठ्या देशात हे इतक्या थोड्या अवधीत घडले, याचे श्रेय या क्रमाक्रमाने जाण्याच्या धोरणाला द्यावयास हवे.

रूपांतराचे गणित मात्र ग्राहकाला सोपे नव्हते. शेर म्हणजे ०.९३३१ किलोग्रॅम. आठ आणे शेर या भावाची वस्तू घेतली, तर १ एप्रिल १९५७ पासून आठ आण्यांचे ५० नवे पैसे झाले होते, आणि किलोचा न्याय्य भाव ५३.५८ नवे पैसे येतो. तो ५४ धरावयाचा की ५५, हे दुकानदाराच्या हाती. नाणे व वजन ही दोन्ही पाठोपाठ बदलल्यामुळे अपूर्णांक दोनदा पूर्ण करण्याची संधी मिळाली.

बोलीने याला आपल्या रीतीने उत्तर दिले. वजने १, २, ५ या क्रमाने घडविली गेली; त्यांत अडीचशे ग्रॅमचे वजनच नाही. तरीही मराठी गिऱ्हाईक पाव किलोच मागते आणि दुकानदार दोनशेवर पन्नासचे वजन ठेवतो. पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच ही संख्यानामांची घडण दशमानाला वश झाली नाही. जुन्या पिढीच्या तोंडी 'पावशेर' हा शब्दही टिकला, पण २३३ ग्रॅमऐवजी २५० ग्रॅमच्या अर्थाने. १८७१ च्या विधिकारांना जे साधले नाही, ते लोकांनी आपणहून केले!

यांतील काही अवशेष निरुपद्रवी आहेत. नऊवारी नेसणारी स्त्री ८.२३ मीटरांचा हिशेब करीत नाही; तो शब्द आता मापाचा नसून वस्त्रप्रकाराचा आहे. तोळ्याचे तसे नाही. १९३९ चा तोळा ११.६६ ग्रॅमचा, आज सराफाच्या दुकानात तोळा म्हणजे १० ग्रॅम. जुन्या यादीत 'दहा तोळे' लिहिलेले स्त्रीधन ११६.६ ग्रॅम असावयास हवे. त्याच शब्दाने परतफेड केली तर साडेसोळा ग्रॅमांहून अधिक सोने वाटेत नाहीसे होते, आणि कोणीही खोटे बोललेले नसते. जमिनीतही हेच. गुंठा १०१.१७ चौरस मीटरांचा, तर सातबाऱ्यावरील आर १०० चौरस मीटरांचा. व्यवहारात दोहोंना गुंठाच म्हणतात. दहा गुंठे ठरवून खरेदीखतात दहा आर लिहिले गेले, तर सुमारे १२६ चौरस फूट, म्हणजे एका खोलीएवढी जागा कमी पडते. उलट कापसाच्या बाजाराने खंडी जुन्या ७८४ पौंडांवरच ठेवली, म्हणून ती ३५५.६२ किलोग्रॅम अशी विषम संख्या झाली. ती अडचणीची आहे, पण फसवी नाही.

१ एप्रिल २०११ पासून लागू झालेल्या वैधमापन अधिनियमाचे कलम ११ प्रमाणेतर एककात भाव सांगण्यास मनाई करते, आणि त्यात तोंडी सांगणेही येते. शब्दावरच हात घालणारी ही तरतूद आहे. परंतु १० ग्रॅमच्या अर्थाने उच्चारलेला 'तोळा' तिच्या कक्षेत कितपत येतो, हा वादाचा मुद्दा होऊ शकतो. जुन्या दस्तऐवजांना तर तिचा उपयोग नाही. तेथे १८७२ च्या पुरावा अधिनियमाचे कलम ९८ उपयोगी पडत असे. कालबाह्य, स्थानिक वा विशिष्ट अर्थाने वापरलेल्या शब्दांचा अर्थ दाखविण्यासाठी त्यान्वये पुरावा देता येई. १ जुलै २०२४ पासून अंमलात आलेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमातही ही तरतूद राखली आहे. म्हणजे यादीतील तोळा कोणता, हे ठरविताना न्यायालयाला प्रथम ती यादी कोणत्या वर्षी लिहिली हे विचारावे लागते, आणि मग त्या वर्षी, त्या गावी, त्या पेढीवर तो शब्द कोणत्या अर्थाने चालत होता, हे.