डोक्यावरून धांवणारी आगगाडी

न्यूयॉर्कचें मॅनहॅटन बेट लांबट व चिंचोळें आहे. एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धांत तेथील रस्ते घोड्यांच्या ट्रामगाड्यांनीं इतके तुंबले कीं, अखेर आगगाडीच वर उचलण्यांत आली. रस्त्यांत लोखंडी खांब, खांबांवर तुळया, तुळयांवर रूळ, आणि त्यांवरून धांवणारें वाफेचें इंजिन! १८७८ च्या जूनमध्यें सहाव्या ॲव्हेन्यूवर असा मार्ग सुरू झाला. प्रवाशांची सोय झाली, यांत शंका नाहीं. परंतु ज्यांच्या खिडकीसमोरून ती गाडी जाई, त्यांना विचारतो कोण?

जमिनीवरील मार्गाखालीं खडी व माती असते. ती बराचसा कंप गिळून टाकते. येथें खालीं नुसती पोकळी. रुळांचा कंप तुळयांत, तुळयांचा खांबांत उतरे आणि सारा सांगाडाच नगाऱ्यासारखा वाजूं लागे. ओरड इतकी झाली कीं, त्याच वर्षीं खुद्द एडिसनला पाचारण करण्यांत आलें. त्यानें यंत्र लावून कंपांच्या रेषा कागदावर उमटविल्या. रहिवाशांच्या कानांवरील मारा मात्र चालूच राहिला. पुढें १८८१ सालीं मेरी वॉल्टन या बाईंनीं एका साध्या युक्तीचें पेटंट घेतलें: डांबर फांसलेल्या लाकडी पेटींत कापूस व वाळू भरावी आणि रूळ तींत बसवावे. रोग लोखंडाच्या सांध्यांत आहे, हें या बाईंनीं बरोबर ओळखलें होतें.

१८८२ सालीं स्टोरी नांवाच्या घरमालकाचा दावा वरिष्ठ न्यायालयांत निकालास लागला. उजेड, हवा व जाण्यायेण्याची वाट यांवरील त्याचा हक्क मान्य झाला. त्या तिहींत शांततेचें नांव नव्हतें. अंधाराची भरपाई ठरवितां येते. कानठळ्यांची किंमत करणार कशी?

ती किंमत कळली एका शाळेंत. जुने उंच मार्ग १९५५ पर्यंत मॅनहॅटनमधून बहुतेक नाहींसे झाले होते. परंतु बेटाच्या उत्तर टोंकास, इनवुड भागांत, भुयारी रेल्वेचा एक फांटा जमिनीवर येऊन खांबांवरून जातो. त्यापासून २२० फुटांवर ९८ क्रमांकाची सार्वजनिक शाळा. सुमारें साडेचार मिनिटांनीं एक गाडी जाई. गाडी आली कीं शिक्षकानें वाक्य अर्धवट सोडावें, ती गेली कीं धागा पुन्हां शोधावा. मुलांचें लक्ष एकदां उडालें म्हणजे तें परत आणण्यास किती वेळ लागतो, हें शिकविणारासच ठाऊक!

आर्लिन ब्रॉन्झाफ्ट या मानसशास्त्रज्ञ विदुषीनें व तिचा सहकारी मॅकार्थी यानें रुळांकडील व पलीकडील वर्गांतल्या मुलांचे वाचनाचे गुण ताडून पाहिले. शाळा एक, वस्ती एक. फरक तो खोलीचा. १९७५ सालीं निष्कर्ष प्रसिद्ध झाला: सहाव्या इयत्तेपर्यंत गोंगाटाकडील मुलें जवळजवळ एक वर्ष मागें पडलीं होतीं. कायदेपंडितांना जें नव्वद वर्षांत दाखवितां आलें नाहीं, तें गुणपत्रिकांनीं दाखविलें.

त्यानंतर रेल्वेनें रुळांखालीं रबराच्या गाद्या बसविल्या (वॉल्टनबाईंच्या कापूसवाळूचीच ती भावंडें!) आणि शिक्षणखात्यानें वर्गांना ध्वनि शोषणारीं छतें लावलीं. १९८१ सालीं पुढील पाहणी प्रसिद्ध झाली, तेव्हां दोन्हीं बाजूंचीं मुलें वाचनांत बरोबरीस आलेलीं होतीं.