मुंबई लिहून ठेवणारे मास्तर

गिरगावात मेट्रोच्या स्टेशनातून वर या. एका बाजूला लाकडी कठड्यांची चाळ, दुसऱ्या बाजूला टॉवर. ‘इथे आधी काय होतं?’ असं कुणी विचारलं, तर सांगणार कोण?

दीडशेहून जास्त वर्षांपूर्वी एका मास्तरांनी अख्ख्या मुंबईसाठी हे काम करून ठेवलं. गोविंद नारायण माडगावकर. जन्म १८१५चा, गोव्यातला. १८२४ मध्ये मुंबईत आले, इथेच शिकले, शिक्षक झाले. स्वच्छता, कर्ज, दारू, वनस्पती अशा रोजच्या विषयांवर त्यांनी मराठीत पुस्तकं लिहिली. आजच्या भाषेत, एक्स्प्लेनरच!

मग १८६३ मध्ये आलं ‘मुंबईचे वर्णन’. ही राजांची बखर नव्हे. यात देवळं, तळी, बाजार, गिरण्या, आगगाडी आणि लोकांच्या चालीरीती आहेत.

आता वेळ बघा. अमेरिकेत यादवी युद्ध पेटलेलं. तिकडचा कापूस अडला, म्हणून इकडच्या कापसाला सोन्याचा भाव. पैशाच्या पुरात शहर बदलत होतं. कोटाची तटबंदीही त्याच दशकात पाडली. १८६५ मध्ये युद्ध संपलं, बाजार कोसळला. माडगावकरही त्याच वर्षी गेले. आधीची मुंबई मात्र पुस्तकात राहिली. २००८ मध्ये मुरली रंगनाथन यांनी ती इंग्रजीतही आणली.

तेव्हा चाळ रिकामी व्हायच्या आधी आजीला विचारा आणि फोनवर रेकॉर्ड करा: नळाला पाणी किती वाजता यायचं? गॅलरीत कोण कोण झोपायचं? हाही इतिहासच आहे. भेटू पुढच्या भागात!