पालशेतच्या पुळणीवरून

दाढ काढण्याआधी डॉक्टरांनी सहीसाठी कागद पुढे केला की अलिबाग-मुरुडकडचा पेशंट न वाचताच सही करतो. त्या कागदामागच्या कायद्याची एक वाट आपल्याच किनाऱ्यावरून निघाली, रायगडच्या जरा दक्षिणेहून.

पूर्वी दाढ काढायची म्हणजे बाजाराच्या दिवशी येणारा वैदू नाहीतर गावातला जाणता माणूस गाठायचा. जखम चिघळली तर जाब विचारायचा कोणाला? तोवर वैदू पुढच्या गावाला गेलेला असे. मुंबई इलाख्यात 1912 साली डॉक्टरांच्या नोंदणीचा कायदा झाला, पण देशभरच्या दंतवैद्यांसाठी तसा कायदा यायला 1948 साल उजाडलं. त्या डेंटिस्ट्स अॅक्टने नोंदवहीचे दोन भाग केले: एकात पदवीधर, दुसऱ्यात पदवी नसलेले, पण निदान पाच वर्षं याच धंद्यावर पोट भरणारे. दुसऱ्या भागाची तडजोड मला पटते, कारण पदवीधर फारच थोडे होते. नोंदवहीत नाव आलं म्हणजे जाब विचारायला माणूस सापडू लागला. त्याने नेमकं काय करायला हवं होतं, याचं उत्तर मात्र नोंदवहीत नव्हतं.

ते उत्तर शोधणं पालशेतला सुरू झालं. गुहागरजवळच्या या गावी 6 मे 1953 रोजी, दिवस मावळताना, वीस वर्षांच्या एका मुलाचं मांडीचं हाड पुळणीवर मोडलं. घर दीड मैलावर. खाट आणून त्याला न्यावं लागलं. गावच्या डॉक्टरांनी फळ्या बांधून पाय स्थिर केला आणि दुसऱ्या दिवशी पुण्याला हलवायला सांगितलं. टॅक्सीने सुमारे दोनशे मैल, अकरा तास. पुण्याच्या खासगी इस्पितळात पुरेशी भूल न देता, जोर लावून हाड बसवल्याचा आरोप झाला. 9 मे रोजी मुलगा गेला. वडील स्वतः डॉक्टर. ते कोर्टात गेले. तीन हजार रुपयांची भरपाई मिळाली. ती मुंबई उच्च न्यायालयात टिकली आणि 2 मे 1968 रोजी सर्वोच्च न्यायालयातही. ‘लक्ष्मण बाळकृष्ण जोशी विरुद्ध त्र्यंबक बापू गोडबोले’ हा तो निकाल.

त्यात न्यायालयाने डॉक्टरची कर्तव्यं सांगितली: ही केस घ्यावी की नाही हे काळजीपूर्वक ठरवणं, कोणते उपचार द्यायचे ते काळजीपूर्वक ठरवणं, आणि ते काळजीपूर्वक करणं. पहिल्या कर्तव्याकडे सहसा कोणाचं लक्ष जात नाही. पालशेतच्या डॉक्टरांनी मात्र ते निकाल लागायच्या पंधरा वर्षं आधीच पाळलं होतं. आडवी रुतलेली अक्कलदाढ, रक्त पातळ करण्याच्या गोळ्या चालू असलेला म्हातारा, तोंड उघडेनासं करणारी सूज: श्रीवर्धनच्या एकट्या दंतवैद्यापुढे प्रश्न तोच असतो. इथेच हात घालायचा, की चिठ्ठी देऊन मोठ्या इस्पितळात पाठवायचं? पाठवणं म्हणजे पेशंटचा एक दिवस, मजुरी आणि गाडीभाडं. तरी योग्य वेळी पाठवणं हा उपचारच आहे, असं मी ठामपणे मानतो.

पुढे 1986 चा ग्राहक संरक्षण कायदा आला. पैसे घेऊन केलेले उपचार ही त्या कायद्याखालची सेवाच, असं सर्वोच्च न्यायालयाने 1995 साली शांता खटल्यात ठरवलं. आता पेशंट दोन वर्षांच्या आत ग्राहक आयोगाकडे जाऊ शकतो, म्हणून एक्स-रे आणि केसपेपर जपावे लागतात. 2008 च्या समीरा कोहली निकालाने सहीला अर्थ दिला: तपासणीला दिलेली संमती उपचारांना लागू होत नाही. दुखरी दाढ दाखवायला आलेल्या बाईची शेजारची दाढही, तिला न विचारता, ‘किडलीच होती’ म्हणून काढता येत नाही. खालची अक्कलदाढ काढताना ओठ बधिर राहू शकतो, हे सहीआधी तिला कळेल अशा मराठीत सांगायला हवं.

फौजदारी बाजूला 2005 च्या जेकब मॅथ्यू निकालाने अटकेपुढे आडकाठी घातली: निष्काळजीपणा ढोबळ हवा आणि आधी दुसऱ्या तज्ज्ञाचं मत हवं. 1 जुलै 2024 पासून भारतीय न्याय संहितेचं कलम 106(1) लागू आहे. निष्काळजीपणाने मृत्यू घडवल्यास पाच वर्षांपर्यंत शिक्षा, नोंदणीकृत डॉक्टरला दोनपर्यंत. पण तिथली ‘डॉक्टर’ची व्याख्या राष्ट्रीय वैद्यकीय आयोगाच्या कायद्याला बांधलेली आहे, आणि दंतवैद्यांची नोंदणी त्या कायद्याखाली होत नाही. शब्दशः वाचलं तर दाढ काढणारा सवलतीबाहेर राहतो. भूल देणारा आणि दाढ काढणारा एकाच टेबलाशी उभे असताना हा भेद अन्यायाचा आहे; संसदेने तो दुरुस्त करायला हवा.